अप्परचा चढ

क्लच गेला तो अप्परच्या चढावर,
डायलिसिसहून परतताना.
हे शेजारी झोपलेले, दंडाला पट्टी;
आपण मागे मागे घरंगळतोय
हे त्यांना कळलंच नाही.
मी हँडब्रेक ओढला.
मागच्या पीएमपीवाल्याने हॉर्न मारला नाही,
तेवढंच त्या दिवसाचं पुण्य.

गाडी आठशे, दोन हजार चारची.
यांची कंपनी बंद पडली तेव्हाच्या पैशांतून घेतलेली,
तीही सेकंडहँड.
म्हातारपणी उपयोगी पडेल, म्हणाले होते.
म्हातारपण आलं
ते आधी गाडीला.

अकरा हजार चारशे.
गॅरेजवाल्याने कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं:
क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी.
यांची पेन्शन एकवीसशे ऐंशी.
मी भागाकार केला नाही.
तीस वर्षं बालवाडीत शिकवलं, तिथे फक्त बेरीज होती.
पण रिक्षा जाऊन-येऊन चारशे साठ, आठवड्यातून तीनदा,
हा गुणाकार आपोआप होत राहतो
रात्री, पंखा आवाज करतो तेव्हा.

सदाशिव पेठेतल्या ट्रस्टमध्ये जिना चढून गेले.
औषधाला देतो, म्हणाले. चष्म्याला देतो. मोतीबिंदूला तर वाट्टेल तेवढं.
गाडीला?
त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग पिशवीकडे,
मग म्हणाले, आजी, गाडी आहे म्हणजे...
आणि वाक्य तिथेच सोडून चहा मागवला,
एकच.

वॉर्ड ऑफिसात तेच अर्धं वाक्य.
ज्येष्ठ नागरिक संघात तेच, थोडं हळू आवाजात,
कारण तिथे सगळ्यांनाच कमी ऐकू येतं
आणि कोणाला नको ते बरोबर ऐकू येतं.
पुतण्या म्हणाला, काकू, विकून टाक.
भंगारवाला अठरा हजार देत होता.
अठरा हजारांत तेरा आठवड्यांची रिक्षा.
वर साठ रुपये उरतात.
चौदाव्या आठवड्याचं त्या साठ रुपयांना विचारायचं.

बुधवारी सेंटरवर मशीन सुरू झालं की
आम्ही बायका बाहेरच्या बाकावर डबे उघडतो.
मी मदत मागितली नाही. नुसती तक्रार केली,
भाजीत मीठ जास्त झाल्याची करावी तशी.
कोंढव्याच्या जरीना आपा म्हणाल्या,
क्लचच ना? आमचा जावई नाना पेठेत त्याच गल्लीत आहे.
पागेबाई काहीच म्हणाल्या नाहीत.
जाताना माझ्या डब्यात पंधराशे रुपये निघाले,
पोळीच्या कागदात गुंडाळलेले, जरा तेलकट.

मुबीनने प्लेट नवी टाकली, बाकी जुन्यातलं निवडून.
एकूण बासष्टशे.
आपांचे दोन हजार, पागेबाईंचे पंधराशे,
माझे दोन हजार, पितळी पातेलं मोडून.
उरलेले सातशे त्याच्या वहीत आहेत,
"आठशेवाली मॅडम" या नावाखाली.
साठ वर्षांत मला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

आता गाडीत तिघे असतात.
हे पुढे, मागे जरीना आपांचे मालक आणि पागेकाका,
तिघांच्याही हाताला पट्टी,
तिघांनाही पाणी मोजून.
बायका बसने येतात, बहुतेक वेळा आमच्या आधी.
हे लोक वाटभर भांडतात:
खिडकी उघडी ठेवायची की बंद,
आणि मटण सोडलं त्याला किती वर्षं झाली.

फक्त अप्परचा चढ आला की गप्प बसतात.
मी पहिला गिअर टाकते.
गाडी दम खाते, कण्हते,
मागचे दोघे आपोआप पुढे झुकतात,
जणू तेवढ्याने वजन कमी होणार आहे.
वर पोहोचलो की मागून हळूच येतं, अल्हमदुलिल्लाह.
पागेकाका घसा साफ करतात.
आणि हे डोळे न उघडताच विचारतात,
शुक्रवारी पेट्रोल कोणाचं?